हायवे १३ वरचे फ्रेडआजोबा

निघालो होतो लेक सुपिरियरला. अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या फिलिप्स गावाच्या अलीकडे हायवे १३ ला लागूनच झाडांत घोडे, हरणं आणि माणसांची ही गर्दी दिसली. नवऱ्याने न सांगताच गाडी बाजूला घेतली. तिकीट-बिकीट काही नाही.

विस्कॉन्सिन काँक्रीट पार्क. हे सगळं एकट्या फ्रेड स्मिथ यांचं काम. आयुष्य जंगलात लाकूडतोड करण्यात गेलं, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि १९४८ साली, साठी उलटल्यावर, पुतळे करायला घेतले. १९६४ मध्ये पक्षाघाताने हात थांबेपर्यंत दोनशेच्या वर झाले. मनातल्या मनात मी त्यांना फ्रेडआजोबाच म्हणायला लागले.

पद्धत साधी. लाकडाचा सांगाडा, त्यावर तारा गुंडाळायच्या, वरून सिमेंट थापायचं, आणि ओलं असतानाच त्यात काचा खोचायच्या. काचांना काय तोटा! शेजारीच त्यांचा स्वतःचा बार होता. जवळ गेलं की तपकिरी बिअरच्या बाटल्यांचे तुकडे ओळखू येतात. मधूनच आरशाचा कपचा.

माहेरी नाशिकला कंपाऊंडच्या भिंतीवर अशाच फुटक्या बाटल्या सिमेंटात रोवलेल्या होत्या. चोर येऊ नये म्हणून. चेंडू काढायला चढून आम्हीच हात कापून घ्यायचो. तोच माल इथे घोड्याच्या अंगावर दागिन्यासारखा!

चेहरे मात्र सगळे एका छापाचे, आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखे. अब्राहम लिंकन कोणता हे पाटी वाचूनच कळलं. पण बडवायझर बिअरची गाडी ओढणारे घोडे बघाच. ते त्यांचं शेवटचं काम. त्यात जोर आहे.

फ्रेडआजोबा १९७६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी वादळात झाडं कोसळून बऱ्याच पुतळ्यांचा चुराडा झाला. कोलर फाउंडेशन या संस्थेने ते दुरुस्त करून घेतले आणि जागा प्राइस काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ताब्यात दिली. हे कशासाठी केलंत, असं विचारलं तर फ्रेडआजोबा म्हणायचे, मलाही माहीत नाही. मला हे उत्तर फार आवडलं.

लेक एका घोड्याच्या पोटावरच्या काचा मोजायला बसली. "हात लावू नकोस, कापेल," माझ्या तोंडून थेट आजीच्या सुरात निघालं. सत्तेचाळीसपर्यंत पोचली असेल, तोवर डासांनी फोडून काढलं आणि आम्ही गाडीकडे धूम ठोकली.