थ्री नॉट थ्रीच्या नोंदी, सातारा: सॉकेटवरचं साल आणि बाकीची रायफल

मागच्या वेळी लिहिलं होतं की रायफलींची यादी थांबवून आता भागांची यादी करणार. पावसाळ्यात ते काम मार्गी लागलं आणि त्यातून बरंच काही हाती आलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्याने आलेल्यांसाठी आधी एक गोष्ट. .३०३ म्हणजे फौजेत आणि पोलिसांत वापरली गेलेली जुनी ली-एनफिल्ड रायफल. तिचा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, आपल्याकडे प्रतिबंधित आहे. यातली एकही रायफल माझी नाही आणि असण्याचा प्रश्नही नाही. मी बघतो त्या एका शाळेच्या एनसीसी कोतातल्या (शस्त्रागारातल्या) डीपी, म्हणजे फक्त कवायतीच्या रायफली आणि जिल्ह्यातल्या आणखी एका कोतातल्या जुन्या. परवानगी लेखी, कोत हवालदार समोर उभे, आणि लाकूड उतरवायचं झालं तर ते आर्मोररच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाराच उतरवणार. नंबर मी कुठेच छापत नाही. तुम्हीही फोटोत नंबर झाका, ही कळकळीची विनंती.

आता मुद्दा. आपल्यातले बहुतेक जण उजव्या बाजूला बट सॉकेटवर, म्हणजे मागचा लाकडी दस्ता बसतो त्या लोखंडी कड्यावर बघतात: मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, कारखाना, साल, मार्क (नमुन्याचा क्रमांक). तेवढ्यावर रायफल '१९१७ ची एनफिल्ड' ठरते. पण ते साल बॉडीचं, म्हणजे मधल्या लोखंडी सांगाड्याचं असतं, अख्ख्या रायफलचं नाही. कोतात पन्नास-साठ वर्षं राहिलेल्या रायफलीचं लाकूड, नोज कॅप (नळीच्या टोकाची टोपी), बॅक साइट (नेम धरायची मागची पट्टी), मॅगझिन, बोल्ट (मागे-पुढे सरकणारा दांडा), सगळं एकदा तरी बदललेलं असतं. म्हणून माझ्या वहीत आता प्रत्येक भागाला स्वतंत्र ओळ आहे.

सुरुवात बॉडीपासूनच करावी लागते. मार्क ३ हा १९०७ चा नमुना. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायला त्यातल्या गोष्टी काढल्या गेल्या आणि मार्क ३ स्टार आला: मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधून गोळी वर येणं थांबवणारी पट्टी) गेला, डावीकडची लांब पल्ल्याची व्हॉली साइट गेली, बॅक साइट डावी-उजवी सरकवायचा स्क्रू गेला. पण हे एका दिवसात झालं नाही. कट-ऑफची खाच असलेल्या बॉडीवर स्टार ठोकलेला सापडतो. त्यामुळे 'स्टार आहे म्हणजे खाच नाही' असं धरून चालू नका, प्रत्यक्ष उजव्या कडेवर बोट फिरवा. नावातही फरक आहे. १९२६ च्या आधी 'शॉर्ट ली-एनफिल्ड' या अर्थाची अक्षरं, नंतर 'नंबर १'. सॉकेटवर नंबर १ असेल तर बॉडी १९२६ नंतरची, किंवा नंतर पुन्हा ठोकलेली. ठोकलेल्या अक्षरांच्या कडा बघितल्या की दोन्हींतला फरक बऱ्याचदा कळतो.

कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागच्या टोकाचा तुकडा, हा माझा सर्वांत आवडता भाग. जुन्यांचं टोक गोल बटणासारखं, युद्धकाळात सोपं केलेलं चपटं आणि कडांना खाचा. हा भाग बदलायला अगदी सोपा, त्यामुळे एकट्या त्यावरून काहीही ठरत नाही. पण बोल्टच्या मुठीच्या मुळाशी असलेल्या नंबराशी जोडून बघितला तर अर्थ लागतो. बोल्ट दुसऱ्या रायफलीला बसवला की जुना नंबर रेघ मारून रद्द करतात आणि नवा शेजारी ठोकतात. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं तसंच हे, पुसलं काहीच जात नाही. रद्द केलेला नंबर मिळाला की मला खरा आनंद होतो, कारण तिथे दोन रायफलींची गाठ पडलेली असते.

या वेळची सर्वांत मोठी नोंद एका लिथगोची. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोची बॉडी, साल १९४२. पण फोरएंडला (नळीखालच्या पुढच्या लाकडाला) मॅगझिनच्या पुढे आडवा स्क्रू आहे. हा पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याचा स्क्रू. लाकूड तिथे फाटू नये म्हणून आपल्या कारखान्यात घातला जायचा. म्हणजे बॉडी लिथगोची आणि पुढचं लाकूड आपल्याकडचं, किंवा निदान आपल्याकडे हात लागलेलं. दस्ता मात्र फिकट, हलक्या लाकडाचा. लिथगोत युद्धकाळात कोचवूड वापरलं जायचं आणि मला हे तेच वाटतं. नोज कॅपवर 'एमए' अक्षरं आहेत, ती लिथगोचीच. त्या काळात जोडकारखान्यांचीही अक्षरं होती, ऑरेंजच्या कारखान्याची 'ओए'. तुमच्याकडच्या भागांवर ती दिसली तर जरूर लिहा.

अपशिंग्याचे एक निवृत्त आर्मोरर मला या कामात मदत करतात. आपल्या जिल्ह्यात फौजेतून परतलेली माणसं गावोगाव आहेत, पण बंदुकीच्या आत हात घालणारे कमी. त्यांचं सांगणं एवढंच: 'साहेब, चकचकीत दिसतंय ते शेवटच्या दुरुस्तीचं. आधीचं बघायचं तर लाकडाखाली बघा.' आणि खरंच, लाकडाखाली बॅरलवर एफटीआर, म्हणजे कारखान्यात झालेल्या पूर्ण दुरुस्तीची खूण आणि साल असं मिळालं. वरचा काळा रंग त्याच दुरुस्तीचा असणार. इशापूरचा हा रंग जाड असतो आणि उथळ ठसे बुजवतो. तो खरवडू नका, ब्रासो लावू नका, तारेचा ब्रश तर हातात घेऊच नका. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा, ठसा सावलीत उठून येतो. फोटोत न येणाऱ्या ठशावर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल घासा. माझी बहुतेक वाचनं बटर पेपरवरचीच आहेत.

दस्त्याच्या वरच्या कडेला लांबीचं अक्षर असतं, बी, एस किंवा एल. अक्षर नसेल तर नेहमीची लांबी. बी सर्वांत आखूड. आपल्या कवायतीच्या पोरांना बी आणि एस का सोयीचे हे खांद्याला लावून बघितलं की कळतं. बाणाखाली 'आय' अशी खूण दिसली तर ती ब्रिटिश हिंदुस्तान सरकारच्या मालकीची. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूर बॉडीवर मुकुटाच्या जागी सिंहमुद्रा आणि आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर.

२ए आणि २ए१ बद्दल वारंवार विचारणा होते. ७.६२ ची ही रायफल म्हणजे जुनी .३०३ बोअर बदलून केलेली, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने ती नवीन बनवली, अधिक मजबूत पोलादात, कारण ७.६२ चा दाब जास्त. ओळखायची खूण सोपी: मॅगझिन चौकोनी, आणि बॅक साइटचे आकडे २ए वर २००० पर्यंत, २ए१ वर ८०० पर्यंत. साइटची पट्टी मात्र बदलता येते, त्यामुळे सॉकेटवरचा मार्क आणि पट्टी दोन्ही लिहून घ्या.

पोलिसांच्या .४१० मस्केटचा एक नमुनाही बघायला मिळाला. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा भरलेला, एका वेळी एकच काडतूस. त्या ठोकळ्यावर मला अजून एकही ठसा मिळालेला नाही. कुणी तो काढून आतली बाजू बघितली असेल तर तिथे काय आहे ते कळवा. पुढचं काम त्याच ठोकळ्याचं, आणि लिथगोचा फोरएंड उतरवून आतल्या बाजूचे शिक्के वाचायचं. आर्मोररसाहेबांना वेळ मिळाला की करतो.