पायरीवरची कुंडी: आमच्या नर्सरीची वाटचाल

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, माणगंगेच्या खोऱ्यातलं. नदी आहे, पण वर्षातले बहुतेक महिने तिच्यात वाळूच दिसते. घरची साडेतीन एकर जमीन, त्यात दोन एकर डाळिंब. २०११ च्या दिवाळीला माझी धाकटी जाऊ माहेराहून, उरुळी कांचनहून परत आली तेव्हा तिच्या हातात एक कुंडी होती. तिचे वडील तिथल्या एका नर्सरीत कामाला होते. मालकानं टाकून दिलेलं रोप त्यांनी लेकीला दिलेलं. बुंधा कांद्यासारखा फुगलेला, त्यावर चार बारक्या फांद्या आणि टोकाला जाड, चकचकीत पानं. धाकटीनं ते तुळशीजवळच्या पायरीवर ठेवलं.

आबांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, एक पान तोडून चीक पाहिला आणि लगेच म्हणाले, "कण्हेरीच्या भावकीतलं हाय हे. शेरडांपासनं लांब ठिवा." नाव कुणालाच माहीत नव्हतं. अ‍ॅडेनियम हे नाव पुढं कळलं.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. डाळिंबाला आधीच तेल्या रोगानं धरलं होतं, त्यात पाणी संपलं. टँकरचं पाणी बागेला घालून घालून कर्ज झालं आणि शेवटी बाग सोडून द्यावी लागली. जनावरं छावणीत नेली. आम्ही दोघी जावा पाळीपाळीनं तिथं राहायचो, घरात फक्त आबा. प्यायचं पाणी मोजून, तिथं कुंडीला कोण पाणी घालणार? पानं गळून गेली, बुंधा सुरकुतला. एप्रिलच्या शेवटी मी छावणीतून घरी आले, तर त्या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना सात फुलं उमललेली. गुलाबी, कर्ण्याच्या आकाराची, कडा गडद आणि गळ्याशी जवळजवळ पांढरी. अंगणात दुसरं काहीही हिरवं नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसून राहिले. आमच्या धंद्याची सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं, की मी तो दिवस सांगते.

पुढं धाकटीच्या वडिलांनी आणखी माहिती दिली, थोडी आम्ही शोधून वाचली. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, सेनेगलपासून सुदान, केनिया, सोमालियापर्यंत खडकाळ आणि रेताड जमिनीत ते वाढतं. समुद्रापलीकडं अरबस्तानातही आहे. पाऊस पडेल तेव्हा पाणी बुंध्यात साठवायचं आणि पुढचे कित्येक महिने त्यावर काढायचे, ही त्याची रीत. १७६१ साली डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात एक मोहीम पाठवली होती. तिच्यातला पेअर फोर्स्कोल हा वनस्पतींचा जाणकार १७६३ मध्ये येमेनातच वारला. त्याची टिपणं घेऊन कार्स्टन नीबूर हा सोबती मुंबईला आला, घारापुरीची लेणी मोजून गेला आणि मोहिमेतला तो एकटाच जिवंत परतला. १७७५ मध्ये त्यानं ती टिपणं छापली. त्यात या झाडाला दिलेलं लॅटिन नाव 'नेरियम ओबेसम', म्हणजे लठ्ठ कण्हेर! आबांनी एका पानाच्या चिकावरून जे ओळखलं तेच. १८१९ मध्ये एडनच्या नावावरून त्याला अ‍ॅडेनियम हे वेगळं नाव मिळालं, पण कूळ तेच राहिलं: कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली यांचं.

२०१४ मध्ये आम्ही धंदा म्हणून हात घातला. बँकेकडं गेलो तर त्यांच्या यादीत हे पीकच नव्हतं, दोनदा परत यावं लागलं. शेवटी आमच्या बचत गटातून वीस हजार उचलले. भाऊजींनी जुन्या बागेतल्या लोखंडी तारा आणि बांबू काढून शेडनेट उभं केलं. एका व्यापाऱ्याकडून बी घेतलं. थायलंडचं आहे, तीन थरांच्या पाकळ्या येतील, पाच रंग निघतील, असं सांगून त्यानं पैसे घेतले. आठ-दहा महिन्यांनी फुलं आली ती सगळी एकेरी आणि गुलाबी. त्या रात्री धाकटी जेवली नाही.

पण त्यातून एक गोष्ट कायमची कळली. अ‍ॅडेनियमचं बी आईवर जातंच असं नाही. हव्या त्या रंगाचं, हव्या तेवढ्या पाकळ्यांचं फूल हवं असेल तर कलमच करावं लागतं. आणि ती फसलेली साडेतीनशे रोपं वाया जायची नव्हती. त्यांचे बुंधे पोसलेले, मुळं जोरदार. त्यांचेच खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ती खालची झाडं, करायचे ठरवलं.

कलम कोण शिकवणार? डाळिंबाची गुटी आम्हाला बांधता येत होती, पण हे काम वेगळं. आमच्या ह्यांच्या ओळखीनं कोकणातले एक आंब्याचे कलमवाले काका आठ दिवस येऊन राहिले. त्यांनी अ‍ॅडेनियम कधी हातात धरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी चाळीस पाचर कलमं बांधली, त्यातली तीस काळी पडली. काकांनी एकेक सोडून पाहिलं. आंब्याच्या काडीपेक्षा ही काडी मऊ आणि पाणीदार, वरून चीक. दुसऱ्या खेपेला त्यांनी खुंटांचं पाणी आधी चार दिवस तोडायला लावलं. मग दाढीच्या नव्या पात्यानं खुंट आडवा कापायचा, मधोमध खाच पाडायची, चीक ओल्या फडक्यानं टिपायचा, डोळकाडी, म्हणजे हव्या त्या फुलाच्या झाडाची काडी, दोन बाजूंनी तासून खाचेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं गच्च बांधायची. वरून छोटी पिशवी. पिशवी निघेपर्यंत कापावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. या वेळी चाळीसात एकतीस लागली. काका जाताना ते पातं धाकटीच्या हातात देऊन गेले. आज नर्सरीतली सगळी कलमं तिच्या हातची आहेत, आणि मला अभिमान वाटतो म्हणून हे मुद्दाम लिहिते.

बीही आता आम्ही घरचंच धरतो. या फुलात परागीभवन आपोआप फारसं होत नाही, कारण पुंकेसर एकत्र येऊन सुळका झालेला असतो. पराग त्याच्या आत वरच्या बाजूला आणि स्त्रीकेसराचं तोंड खाली, झाकलेलं. सकाळी ऊन चढायच्या आत धाकटी शेडमध्ये जाते. फुलाची नळी अलगद चिरते, दोन पुंकेसर सुईनं बाजूला करते आणि दुसऱ्या झाडाचे पिवळट पराग शून्य नंबरच्या ब्रशनं खालच्या फटीत सारते. श्वास रोखूनच करावं लागतं, इतकं ते बारीक काम. लागलं तर बैलाच्या शिंगांसारख्या दोन शेंगा धरतात. पिकायला दोन-तीन महिने. त्या उकलण्याआधी दोऱ्यानं बांधाव्या लागतात, कारण बियांना दोन्ही टोकांना रेशमासारखे झुपके असतात आणि वाऱ्याच्या एका झुळकीत सगळी मेहनत शेजारच्या रानात जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचं. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी कुजीच्या असतात. लोक मायेनं रोज पाणी घालतात आणि त्या मायेनंच झाड जातं. आम्ही प्रत्येकाला बुंधा अंगठ्यानं दाबून बघायला शिकवतो. टणक लागला तर सगळं ठीक. थोडा दबला आणि कातडी सुरकुतली, पण आत घट्ट असला, तर तहानलेला आहे. पिकल्या केळासारखा मऊ लागला, की कूज. थंडीत पानं पिवळी पडून गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही, ते झोपलंय. डिसेंबरात रोज फोन येतात, तेव्हा आमचं एकच सांगणं असतं: दाबून बघा, टणक आहे ना, मग पाणी जवळजवळ बंद करा आणि होळीपर्यंत थांबा.

मातीही तशीच हवी. काळी माती या झाडाचा काळ आहे. आम्ही खंगर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, जाड वाळू, थोडं कोकोपीट, गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करतो. वरून ओतलेलं पाणी क्षणात खालून निघून गेलं पाहिजे. ऊन दिवसातून निदान सहा तास. गॅलरीत ऊन येत नसेल तर आम्ही झाड विकत नाही, दुसरं सुचवतो. धंद्याला हे परवडत नाही असं आम्हाला पुष्कळांनी सांगितलं, पण मरणार हे माहीत असलेलं रोप हातात द्यायला माझं मन घेत नाही. कुंडी दर दोन वर्षांनी बदलायची, आणि प्रत्येक वेळी बुंधा इंचभर वर उचलून लावायचा, म्हणजे मुळं दिसू लागतात आणि झाडाला म्हातारपणाचं रूप येतं.

हे सगळं माहीत असूनही आम्ही स्वतः एकदा हरलो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. विक्री शून्य. झाडं थांबली, त्यांना थांबता येतं. पण शेड भरलं म्हणून सहाशे मोठी कलमं आम्ही बाहेर, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून ठेवली. ऑक्टोबरात, घटस्थापनेच्या तोंडावर, सोलापूर जिल्ह्यात जो पाऊस झाला तो इकडच्या कुणीही विसरणार नाही. जन्मभर पावसाची वाट पाहणारी आम्ही माणसं, आणि प्लॅस्टिकवर घोटाभर पाणी साचलेलं. आठवड्यानं बुंधे मऊ पडायला लागले. मग अख्खं घर बसलं. झाड उपटायचं, कुजकं सगळं कापायचं, आतला पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापत जायचं. कापावर बुरशीनाशक लावायचं आणि ओसरीच्या तुळईला उलटं टांगायचं. दहा-बारा दिवस ओसरीत डोकं वर करून चालता येत नव्हतं. दोनशे चाळीस वाचली. आबा त्या वेळी अंथरुणाला खिळले होते, पण रोज संध्याकाळी विचारायचे, "आज किती टणक लागली?" पुढच्या संक्रांतीला ते गेले.

त्याच टांगलेल्या झाडांनी पुढची वाट दाखवली. मातीशिवाय बारा दिवस राहूनही ती पुन्हा फुटली, मग कुरिअरनं का जाणार नाहीत? कुंडी आणि मातीचं वजन नको म्हणून आम्ही मोकळ्या मुळांची झाडं पाठवायला सुरुवात केली. चार दिवस पाणी तोडायचं, पानं काढायची, मुळं सावलीत सुकवून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि भोकं पाडलेल्या खोक्यात भरायची. नागपूर, रत्नागिरी, बेळगाव, इंदूर, असं कुठंही जातं. सोबत माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीची झेरॉक्स असते: कोरड्या मिश्रणात लावा, सावलीत ठेवा, पहिलं पाणी चौथ्या दिवशी. खाली लाल शाईनं: चीक विषारी आहे, छाटणीनंतर हात साबणानं धुवा, लेकरं आणि जनावरं लांब ठेवा. टांझानियातले हाडझा शिकारी याच झाडाचा रस आटवून बाणाला लावतात, हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते. घाबरून कुणी घेतलं नाही तरी चालेल.

आज शेडनेट बारा गुंठ्यांवर आहे आणि त्याला वरून पावसाळी प्लॅस्टिकही आहे. कामाला गावातल्या पाच बायका येतात, त्यातल्या दोघींना आता कलम बांधता येतं. लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण यांच्याशी दर उन्हाळ्यात झुंज असतेच. बचत गटाचे वीस हजार दीड वर्षात फिटले, बागेचं कर्ज फिटायला २०२२ उजाडलं.

पायरीवरची ती पहिली कुंडी आता दोन माणसांना उचलावी लागते. अनेकांनी किंमत विचारली, ती विकायची नाही. दर फेब्रुवारीत धाकटी तिची छाटणी करते आणि निघालेल्या काड्या टाकत नाही. रंग साधाच, एकेरी गुलाबी, बाजारात त्याला मागणी नाही. तरी दरवर्षी त्या काड्यांची पंचवीस-तीस कलमं ती बांधते आणि गावात ज्या घरी नवी सून येते तिथं एक नेऊन देते. यंदाची अठ्ठावीस लागली आहेत. पिशव्या काल काढल्या.