गेट-अप: अडतो पाय, दोष हाताचा

अखेर १२ किलोची गाठ सुटली! गेट-अप म्हणजे केटलबेल (मूठ असलेला वजनाचा गोळा) एका हाताने सरळ वर धरून, पाठीवर झोपल्या स्थितीतून आधी दुसऱ्या हाताच्या कोपरावर, मग तळव्यावर, मग गुडघ्यावर येत उभं राहायचं आणि तसंच परत खाली जायचं; सुरुवातीला वजनाच्या बाजूचा पाय दुमडलेला, दुसरा सरळ. केटलबेल डाव्या हातात असताना गेट-अप पहिल्यापासून सुरळीत होता. रडगाणं उजव्या हाताचं. कंबर उचलून डावा पाय खालून मागे घ्यायचा, तिथे टाच जमिनीला घासायची, गुडघा कुठेतरी तिरका टेकायचा आणि वरच्या हाताचं कोपर वाकायचं. गेले तीन आठवडे खापर कमरेवर फोडून ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलायचा व्यायाम) आणि खुबा मोकळा करायचे प्रकार चालले होते. फरक शून्य.

दोष निघाला जमिनीवर टेकलेल्या, रिकाम्या हाताच्या तळव्याचा. कोपरावरून तळव्यावर येताना हात नकळत कमरेकडे ओढला जातो. बसल्या जागी ते सोपं वाटतं, पण कंबर उचलली की तळवा आणि पुढचं पाऊल यांच्यातलं अंतर कमी पडतं आणि पाय आत घ्यायला वाटच उरत नाही. मग कंबर आणखी उचलायची धडपड सुरू होते आणि वजन डोलायला लागतं.

उपाय सापडला तो उलट्या दिशेने जाऊन. वजन बाजूला ठेवा. डावा गुडघा टेकून, उजवं पाऊल पुढे, असे बसा. मागची पोटरी आतल्या बाजूला फिरवा, कंबर डावीकडे मागे ढकलत वाका आणि डावा तळवा गुडघ्याच्या रेषेत टेकवा. आता पाय पुढे काढून बसा. तळवा जिथे टेकला तीच त्याची खरी जागा. तिथे चिकटपट्टी लावा. आपल्या नेहमीच्या जागेपेक्षा ही पट्टी चांगली चार बोटं लांब निघाली. पण उत्साहाच्या भरात आणखी लांब जाऊ नका, खांदा कानाकडे चढतो आणि भार सांध्यावर येतो. बोटं शरीरापासून बाहेरच्या दिशेला हवीत.

पुढची पायरी: वजनाऐवजी मुठीवर बूट ठेवून प्रत्येक बाजूला तीन-तीन फेऱ्या. बूट पडला, तर कुठल्या टप्प्यावर पडला ते बघा, चूक तिथेच किंवा त्याच्या आधीच्या टप्प्यात असते. मग ६, ८, १२ किलो. कोपरावर येताना सरळ पायाची टाच उचलली गेली तर ती फेरी धरू नका, तो पोटाच्या झटक्याने मारलेला उठाव आहे.

जाता जाता साधनांबद्दल. प्लास्टिकच्या आवरणातली, आत सिमेंट भरलेली केटलबेल या कामाला नकोच. वजनाच्या मानाने गोळा अवाढव्य असतो आणि मनगटामागे दाबत राहतो. बिडाची, पावडर कोटिंगची घ्या. मुठीला ओतकामाची कड राहिली असेल तर पॉलिश पेपरने घासून टाका. जाड मऊ मॅटही नको, टेकलेलं मनगट रुततं. पातळ मॅट आणि फक्त गुडघ्याखाली घडी, एवढं पुरतं.

पुढच्या आठवड्यात १६ किलो, असा बेत होता. पण हे लिहितानाच वाटलं, वजन वाढवायची एवढी घाई कशाला? रोजच्या जगण्यात आपण एका हातात काहीतरी धरून जमिनीवरून उठतो ते तिथेच उभं राहायला नाही, चालायला. तेव्हा १२ किलोच ठेवून उभं राहिल्यावर वजन खांद्याशी आणायचं, २० पावलं चालायचं, परत डोक्यावर नेऊन त्याच पट्टीवर तळवा टेकवत खाली बसायचं. बाजू बदलत तीन-तीन फेऱ्या, मध्ये दम पूर्ण खाऊन. चालताना धड वजनाच्या विरुद्ध बाजूला कलतं का, ते बाजूने नाही, मागून व्हिडिओ काढून बघायचं. आणि दोन आठवड्यांनी पट्टी काढून टाकायची. तळवा तरीही तिथेच पडला तर १६ किलोचं बघू.