काळा पीट आणि आपलं गॅदरिंग

इथे नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी लेकरांना भेटवस्तू मिळतात. देणारा सिंटरक्लास, पांढऱ्या दाढीचा संत. सोबत त्याचा नोकर पीट. पिढ्यान्‌पिढ्या गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासून, ओठ लालभडक करून, कुरळ्या केसांचा टोप घालून, कानात मोठ्या रिंगा अडकवून पीट व्हायची.

परभणीहून काका फोनवर विचारतात, "अरे, लेकरांच्या करमणुकीसाठीच करतात ना? मग त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?" इथलेही पुष्कळ जण हेच म्हणतात. घराच्या धुराड्यातून उतरताना काजळी लागते म्हणून तो काळा, असंही सांगतात. पण काजळीने ओठ लाल होत नाहीत, आणि मखमली कपडे स्वच्छ राहत नाहीत.

हा नोकर १८५० साली यान स्खेंकमान या शिक्षकाच्या पुस्तकातून रुळला. तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये डचांच्या मळ्यांवर आफ्रिकी वंशाचे गुलाम राबत होते. गुलामगिरी कायद्याने संपली १ जुलै १८६३ ला. त्यानंतरही बहुतेकांना दहा वर्षं सक्तीने मजुरी करावी लागली.

माझ्या शेजारच्या बाईंचं कुळ सुरिनामचं. त्या लहान असताना हा सण आला की वर्गातली पोरं त्यांनाच "पीट, बिस्किट दे" म्हणायची. पोरांच्या मनात पाप नव्हतं. बाई मात्र त्या दिवसांत पोट दुखतंय म्हणून घरी राहायच्या.

हेतूला मोल आहेच. अजाणता करणारा आणि मुद्दाम डिवचणारा यांना एकाच मापाने मोजू नये. पण कोणाला लागतंय हे कळल्यावरही "माझ्या मनात तसं नव्हतं" म्हणत पुन्हा रंग फासला, तर तो हेतू पहिल्यासारखा निर्मळ कसा म्हणायचा? २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे यांनी संसदेत सांगितलं की काळ्या मुलांचं ऐकल्यावर आपलं मत बदललं. आता बऱ्याच शहरांत पीटच्या गालावर काजळीचे दोन-चार पट्टे असतात, बस्स.

सोंग कशासाठी घेतलं, हेही बघायला हवं. पैठणच्या नाथांनी भारुडांत किती सोंगं घेतली! जोहार घालणारा महार त्यांनी उभा केला, पण हसण्यासाठी नाही. शहाणपण त्याच्या तोंडी दिलं आणि ऐकून घ्यायला लावलं गावाला.

आणि आपल्या गॅदरिंगमधला 'आदिवासी डान्स'? कमरेला पाला, तोंडाला कोळसा, हातात भाला, वर 'झिंगालाला'. किनवट-माहूरकडची गोंड, कोलाम, आंध पोरं हॉस्टेलवर राहून अशाच शाळांत शिकतात. पुढ्यात बसून ती हे बघतात, आणि टाळ्याही वाजवतात, कारण सगळे वाजवत असतात. मला याचा राग येतो. तेच बंजारा तांड्यावरच्या आजीकडून फेटिया-कांचळी, म्हणजे त्यांचा घागरा-चोळी, मागून आणली, लेंगी हे त्यांचं होळीचं नाच-गाणं तिच्याकडूनच शिकली आणि मुली नाचल्या, तर तांडा कौतुकाने बघायला येतो. तिथे कोणी तोंड काळं करत नाही.

गॅदरिंगची तयारी आता सुरू होईल. वाचणाऱ्यांत गुरुजी-बाई असतील तर एवढं करा: आदिवासी नाच बसवायचा असेल तर आधी त्या हॉस्टेलच्या पोरांना विचारा, तुमच्याकडे दिवाळीला काय नाचतात, अंगावर काय घालतात. ती शिकवायला तयार असतील तर त्यांनाच पुढे उभं करा. नको म्हणाली तर दुसरा नाच घ्या.