नीलकमळाशेजारचा ठिपका

आज लायब्ररीत पुस्तक परत करताना पोटात गोळा आला होता. अजिंठ्याचं जाडजूड पुस्तक, लेणं क्रमांक १ मधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, आणि त्याच पानावर माझ्या पोस्टर कलरचा निळा ठिपका. गुपचूप ठेवून सटकावं असंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुसलं नाहीस ते बरं केलंस. या गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. ओला झाला की पानं चिकटतात, सोडवताना चित्रच निघून येतं."

दंड भरलाच. वर महिनाभर चित्रांची पुस्तकं घरी नाहीत, तिथेच बसून बघायची. रंग बाहेर, फक्त पेन्सिल आत.

ठिपका मात्र नेमका पद्मपाणीच्या हातातल्या नीलकमळाशेजारी पडलाय. पुढचा कोणीतरी त्याला पाकळी समजून कॉपी करणार बहुतेक.