लालबागचे आखणीवाले काका

पहाटे परळ आगारात एसटीतून उतरलो आणि आत्याच्या चाळीकडे चालत निघालो. साताऱ्याहून लालबागला गणपतीत कितीदा तरी आलोय, पण श्रावणात ही पहिलीच खेप. यंदा गर्दीतलं दर्शन नको होतं, मूर्ती घडताना बघायची होती.

इथल्या सार्वजनिक गणपतींची परंपरा जुनी. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेश गल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा. राजाची मूर्ती कांबळी कुटुंब पिढ्यानपिढ्या घडवतं. परळचे मूर्तिकार विजय खातू २०१७ साली गेले, तेव्हा त्यांची लेक रेश्मा हिने कारखाना सांभाळला. ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. मी आलो होतो ते आत्याच्या शेजारच्या काकांसाठी. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात, म्हणजे डोळे रेखतात. त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नसतं.

काका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पाळी सुटली की हंगामात मूर्तींच्या कारखान्यात जायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साचे थांबले ते थांबलेच, आणि संध्याकाळचा छंद पोटापाण्याचा झाला. "तुटलेला धागा लांबून दिसायचा मला," एवढंच म्हणाले.

कारखान्यात ओल्या प्लास्टरचा आणि काथ्याचा वास. बाहेर ताडपत्रीवर पाऊस तडतडत होता. रंगकाम उरकलेली पंधरा-सोळा फुटी मूर्ती, मुखावर फक्त पांढरे, कोरे डोळे. काका परांचीवर चढले. डाव्या हातात आडवी पट्टी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं. रेघ ओढायच्या आधी श्वास सोडला आणि पापणीची कड एका दमात ओढली. मधे ब्रश उचलला नाही. खाली पोरांनी रेडिओसुद्धा बंद केला होता.

मग ते खाली उतरले. मला वाटलं, दमले. तर पायांपाशी, भक्त जिथे उभा राहतो तिथे जाऊन वर बघत राहिले. पुन्हा चढले, बुबुळ केसभर खाली घेतलं. उंच मूर्तीची नजर समोर ठेवली तर ती माणसांच्या डोक्यावरून निघून जाते, ती उतरती लागते. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. अशी चार वेळा चढ-उतर केली त्यांनी, या वयात! मला गलबलून आलं.

रात्री चाळीच्या चौकात गोविंदांचा सराव होता, पोरींचंही पथक होतं. थर बघायला सगळी चाळ गॅलरीत आली होती. माझं मन कारखान्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. काकांनी मला मूर्तीपुढे उभं केलं.

"इथे नको, जरा डावीकडे. आता बघ. तुझ्याकडे बघतोय का रे?"

"हो काका."

"आता उजवीकडे सरक. अजूनही?"

"अजूनही."

मान हलवली आणि ब्रश घेऊन शेजारच्या मूर्तीच्या परांचीवर चढले.