कॅम्पर व्हॅनच्या ॲल्युमिनियम टपावरचे फोड : कारण, वॉरंटी आणि दुरुस्ती

ज्या गाडीचा टप बिजागरीवर वर उचलता येतो आणि उचललेला टप व गाडी यांच्यामधली जागा कापडी भिंतीने बंद होते, अशा झोपण्याची सोय असलेल्या गाडीला पॉप-टॉप कॅम्पर व्हॅन म्हणतात. काही गाड्यांना हा टप फायबरग्लासचा असतो, काहींना ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. आमच्या गाडीचा टप ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर पोलादाची ७.८५ ग्रॅम आहे. त्यामुळे एवढा मोठा पत्रा गॅस स्ट्रटच्या, म्हणजे आत दाबलेल्या वायूने टप वर ढकलणाऱ्या दांड्यांच्या, आधाराने एकटी बाईसुद्धा सहज उचलू शकते. शिवाय ॲल्युमिनियम गंजत नाही, असे गाडी विकताना आम्हाला सांगण्यात आले होते. पुढचा बहुतेक पत्रव्यवहार या एका विधानावरून झाला.

आम्ही वेल्समधील स्वॉन्झी शहरात राहतो आणि गाडी अधिकृत विक्रेत्याकडून वापरलेली घेतली होती. व्हॅनचा टप इतका उंच असतो की, शिडी लावून धुतल्याशिवाय तो कोणाच्या नजरेस पडत नाही. दरवर्षीच्या एम.ओ.टी. तपासणीतही टपाच्या रंगाकडे कोणी पाहत नाही, कारण त्या तपासणीचा संबंध मुख्यतः गाडीच्या सुरक्षिततेशी, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, सीट बेल्ट आणि त्यांना आधार देणाऱ्या भागांशी असतो. त्यामुळे टपाच्या पुढच्या कडेला रंगाखाली मोहरीएवढे फोड आलेले मला दिसले, तेव्हा ते किती जुने आहेत हे सांगणारा एकही कागद आमच्याजवळ नव्हता. एक फोड नखाने उकलला, तर आत तांबूस गंज नव्हता. पांढरी, कोरडी भुकटी होती. काही फोडांपासून पातळ, वेड्यावाकड्या रेषा रंगाखालून मागच्या दिशेने निघाल्या होत्या.

ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो आणि खरवडला तरी क्षणार्धात पुन्हा धरतो, म्हणून हा धातू एरवी टिकाऊ असतो. परंतु मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. रंगाला जेथे बारीकशी चीर किंवा उघडी कड असेल, तेथून खारट ओल आत शिरते आणि रंगाखाली धाग्यासारखी वाटचाल करत पत्रा खात जाते. इंग्रजी तांत्रिक लिखाणात याला फिलिफॉर्म कोरोजन म्हणतात. त्यासाठी पाणी साचण्याचीही गरज नसते. हवा दमट असली की पुरे. झिजेतून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून रंग वर उचलला जातो आणि आपल्याला फोड दिसतो. म्हणजे फोड दिसू लागतो, तोवर खालचे काम बरेच पुढे गेलेले असते.

हे सगळे टपाच्या मधोमध न होता कडेलाच का होते, याचे उत्तर पॉप-टॉपच्या बांधणीत आहे. टपाचा पत्रा कडेला आत दुमडलेला असतो, त्या दुमडीच्या आतपर्यंत रंग नीट पोहोचलेला नसतो, आणि तिच्यावरच रबराची सील दाबून बसते. गाडी चालताना टप अगदी थोडा थरथरतो. सीलखाली अडकलेली बारीक रेती रंगावर घासत राहते. आतून कापडी भिंत एका पट्टीने व स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी बसवलेली असते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना चिकटून असताना मध्ये खारट पाणी आले की त्यांची एक छोटी विद्युत घटमाला तयार होते आणि तिच्यात झिजतो तो ॲल्युमिनियमचा पत्रा. स्क्रू लहान आणि पत्रा मोठा असल्यामुळे तात्त्विकदृष्ट्या ही जोडी फार घातक नाही. मात्र रंगलेल्या पत्र्यावर उघडा धातू स्क्रूच्या भोवतीच तेवढा असतो, त्यामुळे सगळा मारा त्या इवल्याशा कड्यावर होतो. यात भर पडते ती झोपणाऱ्यांच्या श्वासाची. रात्रभरात दोन माणसांच्या श्वासातून व घामातून काही शे मिलिलिटर पाणी हवेत जाते, ते थंड पत्र्यावर व कापडावर जमते, आणि सकाळी टप मिटला की कडेच्या दुमडीत कोंडले जाते.

मिठाची आमच्याकडे वानवा नाही. गावर द्वीपकल्पाचे किनारे जवळ असल्याने समुद्री वारा नेहमीचाच आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खडे मीठ पसरतात, ज्याचा मोठा वाटा चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून येतो. पुढच्या गाड्यांच्या चाकांमागून उडणारी खारट फवार टपाच्या पुढच्या कडेवर थेट आदळते. माझे बालपण रत्नागिरीत गेले. तेथे खिडक्यांचे गज दर दोन-चार वर्षांनी घासून रंगवावे लागत, म्हणून मला खाऱ्या वाऱ्याचे नवल नव्हते. नवल वाटले ते एवढ्या महागड्या वस्तूच्या दुमडीत रंग न पोहोचल्याचे.

पहिले काम पुरावा जमवण्याचे होते. प्रत्येक फोडाशेजारी मोजपट्टी ठेवून मी छायाचित्रे काढली, सील हलकेच उचलून तिच्या खालचीही काढली, आणि सर्व्हिसची कागदपत्रे तारीखवार लावली. रंगाची जाडी मोजणारे उपकरण विकत घेताना एक गोष्ट कळली, ती येथे सांगणे उपयोगाचे ठरेल. स्वस्त उपकरणे चुंबकीय तत्त्वावर चालतात आणि ॲल्युमिनियमवर निरुपयोगी असतात. त्यासाठी एडी करंटवर, म्हणजे पत्र्यात निर्माण होणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युत प्रवाहावर, चालणारे उपकरण लागते. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. आमच्या टपावर सर्वत्र तेवढीच जाडी आढळल्यामुळे आधी कोणी तो पुन्हा रंगवलेला नाही, हे दाखवता आले. तसे कोणी केले असते, तर वॉरंटीचा प्रश्न तेथेच संपला असता.

वॉरंटीच्या पुस्तिकेत रंगासाठी कमी वर्षांची आणि पत्र्याला आरपार भोक पडल्यास बऱ्याच जास्त वर्षांची हमी होती. रंगाची मुदत उलटून गेली होती. दुसऱ्या हमीची अट अशी होती की झीज आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेर आलेली असावी. विक्रेत्याच्या वर्कशॉपमधील निरीक्षकाने पाच मिनिटांत पाहणी करून "बाहेरून दगड लागल्याने रंग उडाला" असे नोंदवले आणि दावा नाकारला. ते तोंडी न ऐकता मी लेखी कारण मागितले. या एका कागदामुळे पुढचा रस्ता मोकळा झाला, कारण दगडाने उडालेला रंग वरून खाली फुटतो, तर आमचे फोड न फुटता खालून वर उचललेले होते, आणि छायाचित्रांत ते स्पष्ट दिसत होते.

ब्रिटनमध्ये ग्राहकाच्या बाजूने २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. त्यानुसार वस्तू समाधानकारक दर्जाची असणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. कंपनीची वॉरंटी हा त्यापलीकडचा स्वतंत्र करार ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये दाव्याची मुदत ६ वर्षांची आहे. मात्र खरेदीनंतर ६ महिने उलटले की दोष मुळात होता हे ग्राहकाला सिद्ध करावे लागते. म्हणून आम्ही एका स्वतंत्र वाहन-अभियंत्याकडून पाहणी करून घेतली. त्यांनी पुढची सील पूर्ण काढली, दुमडीत बारीक कॅमेरा घातला आणि पांढऱ्या भुकटीचा सर्वांत जाड थर दुमडीच्या आत असून वरचे फोड हे त्याचे बाहेरचे टोक असल्याचे अहवालात लिहिले. त्यांची फी भरताना हात आखडला होता हे खरे, पण त्या अहवालाशिवाय आमचे म्हणणे केवळ तक्रार राहिले असते.

विम्याकडे मी वळलेच नाही, कारण हळूहळू होणारी झीज गाडीच्या विम्यात सहसा धरत नाहीत. गाड्यांच्या तक्रारींसाठी येथे मोटर ओंबड्समन ही संस्था आहे. ग्राहकाला तिचा खर्च येत नाही, पण तिच्याकडे जाण्यापूर्वी संबंधित कंपनीला उत्तरासाठी ८ आठवडे द्यावे लागतात. अहवाल, लेखी नकार आणि या मुदतीचा उल्लेख असे तिन्ही एका पत्रात घालून मी ते विक्रेत्याला व उत्पादकाच्या ग्राहक विभागाला एकाच वेळी पाठवले. मुदत संपण्यापूर्वी उत्तर आले: जबाबदारी मान्य नाही, परंतु सौजन्य म्हणून दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा भाग देऊ. माझ्या पतींच्या मते आणखी भांडायला हवे होते. पूर्ण नवा टप मिळाला असता, तरी त्याचीही दुमड त्याच पद्धतीची असणार होती, म्हणून मी ते स्वीकारले आणि दुरुस्ती कोठे करायची हे आम्ही ठरवू, एवढी अट घातली.

सामान्य डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात हे काम देऊ नये असे मला वाटते. आम्ही निवडलेले कारागीर जुन्या लँड रोव्हर गाड्यांची कामे करत आलेले आहेत. १९४८ मध्ये आलेल्या त्या गाडीच्या अंगाला बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे आणि आत पोलादी सांगाडा, अशी रचना होती. त्यामुळे दोन धातूंच्या सांध्यांतली झीज या मंडळींच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचे काम वेगळ्या खोलीत होते. एक तर ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते, आणि दुसरे म्हणजे पोलादावर वापरलेली चकती ॲल्युमिनियमवर फिरवली, तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कण पुढच्या झिजेचे बीज ठरतो. दुकान पाहायला गेल्यावर मी हाच प्रश्न विचारला होता, आणि ज्यांनी तो हसण्यावारी नेला त्यांच्याकडे गाडी दिली नाही.

टप बिजागरीवरून उतरवून घोडीवर उलटा ठेवण्यात आला. कापडी भिंत, पट्टी, सील, सगळे स्क्रू निघाले. फोड आलेल्या जागेपुरता रंग काढून चालत नाही. धाग्यांची टोके दिसत नसली तरी चांगल्या रंगाखाली पुढे गेलेली असतात, त्यामुळे जेथपर्यंत चकचकीत पत्रा लागेल तेथपर्यंत, आणि त्याच्याही पुढे तळहातभर, रंग उतरवला. दुमडीतील भुकटी नव्या स्टेनलेस ब्रशने व हवेच्या झोताने काढून, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन दुमड गरम हवेने सुकवली. मीठ आत राहिले तर वरचा रंग कितीही चांगला असला तरी फुकट जातो, म्हणून या धुण्याला रंगापेक्षा जास्त वेळ लागला. दोन ठिकाणी पत्रा कागदासारखा पातळ झाला होता. तेथे तुकडा कापून नवा जोडला.

उघडा पत्रा घासल्यावर त्याच दिवशी प्राइमर लागला पाहिजे. पूर्वी यासाठी क्रोमेटचे संस्कार करत, पण त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने आता ते साध्या दुकानांत वापरत नाहीत. आमच्याकडे इपॉक्सी प्राइमर वापरला. पत्रा किंचित खाऊन त्याला धरणारा आम्लयुक्त 'एच' (etch) प्राइमर आणि त्यावर इपॉक्सी अशा जोडीला अनेक रंग-उत्पादक मनाई करतात, म्हणून दोन्हींपैकी एकच निवडायचा असतो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरायची ती प्राइमरच्या वर. उघड्या पत्र्यावर लांबी लावल्यास तिच्या कडेतून ओल शिरण्याची वाट राहते. दुमडीत पातळ प्राइमर सोडून टप फिरवत तो सर्वत्र वाहू दिला, आणि मगच दुमडीचे तोंड सीलंटने बंद केले. प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर व बुश बसवले आणि आट्यांना दोन धातू अलग ठेवणारी लगदी लावली. या शेवटच्या गोष्टीला अगदी किरकोळ खर्च आला. ती मुळातच का केलेली नसावी, याचे उत्तर मला कोणी दिले नाही.

फायबरग्लासचा टप बसवण्याचा विचारही झाला होता. तो झिजत नाही, पण उन्हाने त्याच्या वरच्या थराला बारीक भेगा पडू शकतात, आणि त्याचेही स्क्रू-बिजागऱ्या धातूच्याच असतात. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल केल्याचे विमा कंपनीला कळवावे लागते. आमचा टप दुरुस्त होण्यासारखा असल्याने तो पर्याय बाजूला राहिला.

आता पाऊस किंवा दव असताना टप मिटावा लागलाच, तर घरी पोहोचल्यावर तो उघडून कापड पूर्ण वाळेपर्यंत ठेवतो. रात्री दोन्ही बाजूंच्या जाळ्या थोड्या उघड्या राहतात, थंडी वाजली तरी. किनाऱ्यावरून परतल्यावर आणि हिवाळ्यात मीठ पडलेल्या रस्त्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने कडा धुतो, मात्र प्रेशर वॉशरचा झोत सीलवर मारत नाही. ट्रक धुण्याची कॉस्टिकयुक्त द्रावणे ॲल्युमिनियमला खातात, त्यामुळे रस्त्याकडेच्या धुलाई केंद्रांवर गाडी देत नाही.

कारागिरांनी लेखी हमी देताना दरवर्षी सील उचलून पाहणीची अट घातली आहे. पहिल्या पाहणीत पुढची कड स्वच्छ निघाली. मागच्या बिजागरीजवळ, जेथे दुरुस्ती केली नव्हती, तेथे दोन स्क्रूंच्या भोवती पांढरी कड दिसली. ते स्क्रू काढून, जागा घासून, प्राइमर व नायलॉनचे वॉशर घालून पुन्हा बसवले, आणि बिजागरीचे उरलेले स्क्रू पुढच्या पाहणीत काढून पाहण्याचे कामपत्रावर लिहून घेतले.